तंबूत उभं राहता आलं पाहिजे

गेले तीन शनिवार इथे काही लिहिलं नाही, त्याबद्दल क्षमस्व. रिलीज होता. शनिवार आणि सोमवार यातला फरकच संपला होता. आज मात्र लिहिणारच, कारण विषय डोक्यात गेलाय.

झालं असं, की आमच्या टीममधल्या एका ज्युनिअरने परवा कँटीनमध्ये विचारलं, "फॅमिलीला घेऊन कँपिंगला जायचंय, टेंट कोणता घेऊ?" टेबलावर आम्ही सहा जण. कँपिंग आणि शेअर मार्केट या दोन विषयांवर मत नसलेला इंजिनिअर अजून जन्माला यायचाय. एक जण म्हणाला, वॉटरप्रूफिंग किमान तीन हजार बघ. दुसरा म्हणाला, वजन चार किलोच्या वर जाऊ देऊ नकोस. तिसरा (हा एकदा हिमाचलला जाऊन आलाय आणि ते आम्हाला विसरू देत नाही) म्हणाला, फायबरग्लासचे पोल अजिबात नको, अ‍ॅल्युमिनियमच. पाच मिनिटांत तीन वेबसाइट उघडल्या, दोन एक्सेल शीट फॉरवर्ड झाल्या.

"बरोबर कोण कोण येणार आहे?" हे कोणी विचारलंच नाही. शेवटी मी विचारलं. तो म्हणाला, बायको, तीन वर्षांची मुलगी आणि आई-बाबा. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय.

आणि आम्ही त्याला पोलची धातू सांगत होतो!

तर माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. फॅमिलीसाठी तंबू घेताना पहिला प्रश्न एकच: घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस त्यात चालत जाऊन ताठ उभं राहू शकतं का? उत्तर 'नाही' असेल, तर तो तंबू फॅमिलीसाठी नाही. मग तो कितीही वॉटरप्रूफ असो, कितीही हलका असो आणि सेलमध्ये कितीही टक्के उतरलेला असो. आपल्याला 'फॅमिली टेंट' म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं म्हणजे गिर्यारोहकाचा तंबू फुगवून मोठा केलेला असतो. फॅमिलीचा त्यात विचारच नाही.

हे मी शहाणपणातून सांगत नाहीये. मार खाऊन सांगतोय.

आमचं आजोळ धाराशिव जिल्ह्यातलं. (कागदोपत्री उस्मानाबादचं धाराशिव २०२३ साली झालं, आजी आधीपासून धाराशिवच म्हणते.) मामांचं शेत नळदुर्गच्या अलीकडे आहे. गेल्या डिसेंबरात चार दिवस सुट्टी जोडून मिळाली आणि मी जाहीर केलं, की या वेळी मामांच्या घरात झोपायचं नाही, शेतात तंबू ठोकायचा. मुलांना आकाश दाखवायचं. आजीलाही शेतावर न्यायचं, पणतवंडांबरोबर दोन रात्री राहील. आजी ऐंशी ओलांडलेली, पण चालती-फिरती. माझी आई साठीच्या पुढची. मी, बायको आणि दोन पोरं. एकूण सहा.

मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलं असेलच. एक्सेल शीट! सतरा तंबू, अकरा कॉलम. प्रत्येक कॉलमला वेटेज. वजन, पाणी अडवण्याचा आकडा, पोल, शिवण, वॉरंटी, रिव्ह्यू. शेवटी जो पहिला आला, तो मागवला. सहा माणसांचा घुमटाकार तंबू. बायको एवढंच म्हणाली, "यात 'आजी' नावाचा कॉलम कुठाय?" मी हसलो. रिक्वायरमेंट गॅदरिंग युजरला न विचारता करायची आणि युजर अ‍ॅक्सेप्टन्सच्या दिवशी तोंडावर पडायचं, हा आपला धंदाच आहे. तरी मला तेव्हा कळलं नाही.

पुण्याहून सोलापूर, तिथून हैदराबादच्या रस्त्याने पन्नासेक किलोमीटर. दुपारी पोचलो. मामांनी जागा झाडून ठेवली होती. मी तंबू काढला, पोल जोडले आणि पहिली खुंटी ठोकली. बरोबर आलेल्या खुंट्या म्हणजे बोटाएवढ्या जाडीच्या सुद्धा नाहीत. वर वीतभर माती, खाली मुरूम. चार खुंट्या वाकल्या. मग मी शहाणपणा करून तंबू शेजारच्या काळ्या रानात नेला. तिथे खुंटी लोण्यात सुरी जावी तशी गेली, आणि दोरी ताणल्यावर तितक्याच सहज बाहेर आली. आजी बांधावर बसून हे बघत होती. म्हणाली, "काय करलालास रे?"

"घर बांधतोय आजी, तुझ्यासाठी."

तिने तंबूकडे बघितलं. काही बोलली नाही.

संध्याकाळी तंबू कसाबसा उभा राहिला (खुंट्यांऐवजी दगड बांधून). मी दाराची चेन उघडली आणि म्हणालो, ये. दार म्हणजे काय, जमिनीपासून मांडीएवढ्या उंचीवर सुरू होणारं आणि कमरेवर संपणारं भोक. आत जायचं तर आधी वाकायचं, मग गुडघे टेकायचे, मग रांगायचं. आई गेली, "आई गं" म्हणत. आजी दारापर्यंत आली, एक हात कापडावर ठेवला आणि मागे फिरली. "मी नाही येत बाबा. तुम्ही झोपा." बाहेर बाज टाकून घेतली आणि घोंगडी पांघरून बसून राहिली.

मला राग आला. खोटं कशाला बोलू? एवढा खर्च, एवढा अभ्यास आणि जिच्यासाठी केलं ती बाहेर!

रात्री अडीच-तीनला आईला बाहेर जायचं होतं. अंधारात चार माणसांच्या पायांवरून रांगत ती दाराशी गेली आणि चेन अडकली. आधी हळू, मग जोरात, मग घाबरून ती चेन ओढत राहिली. मला जाग आली तेव्हा ती "उघड, उघड लवकर" म्हणत होती आणि बाहेरून आजी तंबूच्या कापडावर थापा मारत होती. "कोण आत राहिलंय? बाहेर या, बाहेर या." मी टॉर्च लावला. आतून सगळं कापड ओलं, थेंब टपकत होते. आकाशात ढगाचा पत्ता नव्हता. चेन निघाली, आई बाहेर आली. आजीने तिला कितीतरी वेळ हाताला धरून ठेवलं होतं.

मग कोणीच झोपलं नाही. शेकोटी केली. आणि आजीने जे आम्हाला कधी सांगितलं नव्हतं, ते सांगितलं.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. ज्यांचा जन्म नंतरचा आहे त्यांच्यासाठी सांगतो. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. चारला चार मिनिटं कमी असताना भूकंप झाला. नाव 'किल्लारीचा भूकंप' पडलं, किल्लारी लातूर जिल्ह्यात आहे, पण धाराशिव जिल्ह्यातल्या आजच्या उमरगा-लोहारा भागातली, सास्तूरच्या आजूबाजूची गावंही तितकीच झोपली. रिश्टर स्केलवर सहाच्या थोडा वर. जगात याहून मोठे भूकंप खूप झाले, पण इथली घरं माळवदाची होती. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर लाकडावर मातीचा थरावर थर. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. आणि हलली की खालच्या माणसाला वाचायची संधी न देणारी. सुमारे आठ ते दहा हजार माणसं गेली. त्यात माझे आजोबा होते. आजी त्या रात्री उकडतंय म्हणून अंगणात झोपली होती.

पुढे पाऊस लागला. मदतीचे तंबू आले, मग पत्र्याचे शेड. आजी तंबूत राहिली, दीर-जावा आणि पोरं मिळून नऊ माणसं. तंबू बुटका होता. आजी म्हणाली, "जेवायला मिळत होतं, पांघरायला होतं. सगळ्यांनी दिलं, नाव ठेवायला जागा नाही. पण उभं राहून लुगडं नेसता येईना रे. नऊवारी बसून कसं नेसणार? मग आम्ही बाया पहाटे अंधारात उठायचो. चौघी चार बाजूला पाठ करून उभ्या राहायच्या, मधे एकजण नेसायची. रोज. घर गेलं, माणूस गेलं, ते देवाचं. पण हे रोजचं होतं."

मी त्या वर्षी दिवाळीत आईबरोबर तिथे गेलो होतो. दहा वर्षांचा असेन. मला काय आठवतं सांगू? मला तंबूची मजा वाटली होती. दोऱ्यांवरून उड्या मारल्या होत्या. मला तंबू आवडतात ते तिथपासून. आणि मी बत्तीस वर्षांनी तसलाच बुटका तंबू घेऊन तिच्यासमोर ठोकला आणि म्हणालो, ये, घर बांधलंय.

असो.

आता मुद्द्यावर येतो. ही कौटुंबिक गोष्ट झाली, पण यातून निघतो तो मुद्दा सगळ्यांचा आहे. उंची ही चैन नाही. उभं राहणं म्हणजे कपडे बदलणं, पोराला कडेवर घेणं, रात्री न लाजता उठून बाहेर जाणं, गुडघे दुखणाऱ्या माणसाने कोणाची मदत न मागता आत येणं. तंबूत रांगावं लागलं, की त्यातली म्हातारी माणसं आणि बायका परावलंबी होतात आणि धडधाकट पुरुषाला ते दिसतही नाही. कारण तो रांगतो आणि त्याला साहस वाटतं! तंबू निवडणारा बहुतेक वेळा तोच असतो. एक्सेल शीट त्याचीच असते.

आणि त्या शीटमधले तीन लाडके आकडे घ्या. तिन्ही खोटे नाहीत, पण तिन्ही तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाहीत.

पहिला आकडा, 'किती माणसांचा'. माझा सहा माणसांचा तंबू आतून साडेनऊ फूट बाय आठ फूट होता. साडेनऊ फूट म्हणजे ११४ इंच, भागिले सहा, म्हणजे माणशी १९ इंच. विमानातल्या इकॉनॉमीच्या सीटची रुंदी साधारण १७-१८ इंच असते. म्हणजे विमानातल्या सीटवर आडवं पडून रात्र काढायची, शेजारी पाच जण, आणि बॅगा कुठे ठेवायच्या ते विचारू नका. हा आकडा डोंगरावर वादळात अडकलेल्या माणसांना चिकटून झोपायला किती जागा लागेल, तसल्या हिशोबाचा आहे. तिथे ते ठीकच आहे, चिकटून झोपल्यावर ऊब मिळते. फॅमिलीसाठी साधा नियम: लिहिलेल्या आकड्याला दोनने भागा. चार जणांचा तंबू दोघांचा, आठ जणांचा चौघांचा.

दुसरा आकडा, वॉटरप्रूफिंग. ३००० एमएम म्हणजे काय? कापडाच्या तुकड्यावर पाण्याचा उभा स्तंभ चढवत नेतात. ज्या उंचीला पाणी पलीकडे झिरपायला लागतं, ती उंची मिलिमीटरमध्ये. ३००० म्हणजे तीन मीटर उंच पाणी ते कापड पेलतं. साध्या पावसाला १५०० सुद्धा पुरेसा समजतात, आणि प्रत्यक्षात तंबू गळतो तो कापडातून कमी, शिवणीतून आणि चेनमधून जास्त. पण त्याहून मोठा प्रश्न: डिसेंबरात धाराशिव जिल्ह्यात पाऊस कुठाय? हा पर्जन्यछायेतला प्रदेश. पाऊस जो काय येतो तो जून ते सप्टेंबर आणि थोडा परतीचा. कँपिंगला आपण जातो नोव्हेंबर ते फेब्रुवारी. म्हणजे जो पाऊस येणारच नाही, त्याच्यापासून संरक्षण म्हणून आपण जास्त पैसे देतो.

आणि जो पाऊस नक्की येतो, त्याचं काय? तो आतून येतो. झोपलेला माणूस रात्रभरात श्वास आणि घामातून पाव ते अर्धा लिटर पाणी हवेत सोडतो. पाच माणसं म्हणजे सव्वा ते अडीच लिटर. बालाघाटाच्या पठारावर हिवाळ्यात दिवसा चांगलं ऊन आणि पहाटे कडाक्याची थंडी. कापड गार पडतं आणि ते सगळं पाणी त्याच्यावर जमून तुमच्याच अंगावर टपकतं. बाहेरचं पाणी आत येऊ न देणारं कापड आतलं पाणी बाहेरही जाऊ देत नाही. याला उपाय एकच, वारा. वर जाळी, खाली फट आणि दोन कापडांच्या मधे मोकळी जागा. तंबू विकत घेताना '३०००' विचारण्यापेक्षा 'समोरासमोर दोन दारं किंवा खिडक्या आहेत का' हे विचारा. (आणि थंडी वाजते म्हणून बंद तंबूत शेगडी, कोळसे, गॅस असलं काही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेत माणसं जातात. यावर विनोद नाही.)

तिसरा आकडा, वजन. हा तर सगळ्यात हास्यास्पद! तंबू पाठीवर घेऊन पाच दिवस चालणाऱ्याला प्रत्येक शंभर ग्रॅमचा हिशोब ठेवावाच लागतो. तुम्ही काय करणार? सोसायटीच्या पार्किंगमधून लिफ्टपर्यंत नेणार. बाकी गाडी नेते. वजन वाचवण्यासाठी काय काय कापलेलं असतं? उंची, कापडाची जाडी, पोलची जाडी, खुंट्यांची लांबी. म्हणजे तुम्हाला जे हवंय नेमकं तेच.

बरं, हे सगळं आपल्याला नवीन आहे का? या भागाने तंबू काय कमी बघितलेत? औरंगजेब १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं भीमेकाठी ब्रह्मपुरीला, म्हणजे आत्ताच्या सोलापूर जिल्ह्यात, तळ ठोकून बसला होता. अख्खं शहर कापडाचं. बादशहाच्या तंबूंचे दोन संच असायचे, एक वापरात आणि दुसरा पुढच्या मुक्कामावर आधीच उभा. खुद्द नळदुर्गला १८५३ पासून काही वर्षं कर्नल मेडोज टेलर होता, 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' लिहिणारा. निजामाने तहात दिलेला हा मुलूख त्याच्या ताब्यात होता. इंग्रज अंमलदार हिवाळ्यात दौऱ्यावर निघायचे ते तंबू घेऊनच. त्यांच्यासाठी हमाल होते, बैलगाड्या होत्या, त्याचं कौतुक नाही. पण त्या तंबूंची रचना बघा: उभ्या भिंती, वर दुहेरी छत, दोन छतांच्या मधे हवा खेळायला जागा. वरचं कापड ऊन खातं, खालचं थंड राहतं. आजही रिसॉर्टवाले 'स्विस टेंट' म्हणून भाड्याने देतात ते हेच.

आणि इतकं लांब जायलाच नको. मामांच्या शेजारच्या उसात तोड चालू होती. ऊसतोड कामगारांच्या कोप्या रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. बांबू, चटया, वर प्लॅस्टिकचा कागद. गैरसमज नको, मी त्या जगण्याचे गोडवे गात नाहीये. आपण दोन रात्री हौसेने राहतो, ती माणसं पाच-पाच महिने नाइलाजाने राहतात, लहान पोरांसकट. तिथे पाणी नाही, संडास नाही, आणि त्याची लाज आपल्याला वाटायला पाहिजे. पण एक गोष्ट बघितली. कोपीत मधोमध उभं राहता येत होतं. माझ्या तंबूत नाही. ज्याला खरंच कापडाखाली संसार करायचाय, तो आधी उंची मागतो.

तर दुसऱ्या दिवशी मामा नळदुर्गला गेले आणि मंडपवाल्याकडून जुनी राहुटी भाड्याने घेऊन आले. जाड सुती कॅनव्हास, दोन बांबू, मधे आडवा दांडा, चारी बाजूंना कनात. वजन तीसेक किलो असेल, टेंपोत आली. भाडं माझ्या तंबूवरच्या डिलिव्हरी चार्जेसपेक्षा थोडं जास्त. खुंट्या म्हणजे हातभर लांबीच्या लोखंडी सळ्या, मुरमात घणाने ठोकल्या. जिथे काळी माती होती तिथे मामांनी वेगळीच युक्ती केली. खताच्या रिकाम्या गोण्यांत माती भरली, दोरी गोणीला बांधली आणि गोणी अर्धी पुरली. पठारावरच्या वाऱ्याला (पवनचक्क्या उगाच नाही लावल्या तिथे) तंबू हलला नाही.

जागा आजीने ठरवली. "दार उगवतीला. तिकडून वारं येतं, तिकडं पाठ. आणि झाडाखाली नको, फांदी पडते." मी सगळं 'येस मॅडम' म्हणून ऐकलं.

आता आक्षेप. मला माहिती आहे काय काय येणार आहेत.

"कॅनव्हास जड आहे." आहेच. म्हणून विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. महाराष्ट्रात मंडपवाला नाही असं तालुक्याचं गाव मला दाखवा. वारीत लाखो माणसं राहुट्यांत मुक्काम करतात, आपल्याला हे काय अवघड?

"ओला झाला तर बुरशी लागते." खरं आहे. वाळवूनच घडी घालावी लागते. पण पॉलिएस्टरवरचा आतला लेपही ओल्या घडीत चिकट होऊन सोलला जातो, आणि उन्हात वर्षानुवर्षं ठेवलं तर कापड विरतं. अमर काहीच नाही.

"राहुटीला तळ नसतो. साप, विंचू?" हा एकच आक्षेप खरा आणि गंभीर. मराठवाड्यात विंचू आहेत, मण्यार आहे, आणि मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसालाच चावते. म्हणून जमिनीवर झोपू नका. बाज घ्या, वर मच्छरदाणी लावा, ती गादीखाली नीट खोचा. सकाळी बूट झटकून घाला. शिवलेल्या तळाचा तंबू असला तरी दाराची चेन रात्री अर्धी उघडी राहते आणि मग तळाचा काही उपयोग नसतो.

"आम्ही हरिश्चंद्रगडावर जातो, तिथे राहुटी न्यायची का?" नाही हो. तुम्ही घुमटच न्या, हलकाच न्या. माझं भांडण त्या तंबूशी नाहीच. तो त्याच्या कामाला उत्तम आहे. माझं भांडण त्याच्यावर 'फॅमिली' असं लेबल लावण्याशी आहे.

"मला विकतच घ्यायचाय." घ्या की. उभ्या भिंतींचा, मधे किमान सहा फूट उंचीचा, दाराला कमीत कमी उंबरठा असलेला, समोरासमोर हवा येणारा घ्या. पुढे सावलीला छप्पर असेल तर उत्तम, कारण आपल्याकडे दिवसा सावली ही छतापेक्षा महत्त्वाची. आणि घेण्याआधी, किंवा परत करायची मुदत संपायच्या आत, एक टेस्ट करा. सोसायटीच्या बागेत उभा करा. आईला, वडिलांना, आजीला बोलवा. सांगू नका काय करायचं, फक्त बघा. आत जाता येतं का, उभं राहून साडी नीट करता येते का, डोळे मिटून चेन उघडता येते का. पाच मिनिटांची टेस्ट आहे. माझ्या अकरा कॉलमपेक्षा जास्त सांगेल. सोसायटीचे सेक्रेटरी बोंबलतील, त्यांनाही आत बोलवा :-)

एक जाता जाता. नळदुर्गला जाल तर किल्ला बघा, १६१३ च्या सुमाराचा बोरी नदीवरचा बांध आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल बघा. (धबधबे पावसाळ्यात, बांधावरून पाणी पडतं तेव्हाच. डिसेंबरात गेलात तर माझ्यासारखे कोरडे परत याल.) पण किल्ल्यात तंबू ठोकू नका, ते संरक्षित स्मारक आहे. येडशीच्या रामलिंग अभयारण्यातही वनखात्याला न विचारता नको. कोणाच्या तरी शेतात, विचारून, तेच बरं.

राहुटीचं पुढे काय झालं ते राहिलंच. दुपारी आजी आली. वाकली नाही. कनात बाजूला सारून सरळ आत गेली, मधल्या बांबूला हात लावून उभी राहिली आणि वर बघितलं. मग पदर सोडून पुन्हा नीट खोचला, उभ्याउभ्याच. म्हणाली, "हं. हे बरंय."

रात्री ती आत झोपली. एका अटीवर: उगवतीकडची कनात रात्रभर वर बांधून ठेवायची. थंडी आत येत होती, पोरं कुरकुरत होती. पण आजीला आतून बाहेरचं दिसत राहायला हवं होतं आणि कोणीही तिला का म्हणून विचारलं नाही. आम्ही अजून एकेक गोधडी घेतली.

ज्युनिअरला हे सगळं सांगितलं नाही. फक्त म्हणालो, "तुझ्या बाबांना विचार." माझा सहा माणसांचा तंबू माळ्यावर पडलाय. पोरं दिवाणखान्यात लावून खेळतात. त्यांच्या उंचीला तो बरोबर बसतो.

पुढच्या शनिवारी भेटू. रिलीज नसला तर!